घडी आणि अवधी

लग्नात नेसलेले वस्त्र बहुधा पुढच्या लग्नापर्यंत उलगडले जात नाही, हा आपल्या घरांचा जुना शिरस्ता आहे. मधल्या काळात ते कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पेटीच्या तळाशी पडून असते. त्याच्यावर इतर कपडे साठतात, त्या कपड्यांचा भार त्याच्या घडीवर पडत राहतो, आणि मग घरात पुन्हा मुहूर्ताची बोलणी सुरू झाली की कुणीतरी मोठ्या उत्सुकतेने ते बाहेर काढते. त्या वेळी जरीची झळाळी आणि रंगाची गहिराई यांच्याही आधी नजरेत भरतात त्या घडीच्या आडव्याउभ्या रेघा. अशा रेघा घेऊन आलेली वस्त्रे सरळ करून देण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्या कामातून माझ्या मनाशी जी गोष्ट पक्की झाली ती अशी, की लग्नाच्या वस्त्राची घडी मोडण्याचे काम मुळात घराचे आहे. कारण दुकानाजवळ यंत्र असते, घराजवळ अवधी असतो, आणि रेशमाला यंत्रापेक्षा अवधीची गरज अधिक असते.

आमचे दुकान पुण्याच्या जुन्या पेठांतले. मामंजींनी ते कोळशाच्या पितळी इस्त्रीवर उभे केले, त्या काळी इस्त्रीच्या तापाला आकडा नव्हता. ती गालाजवळ धरून झळ अजमावायची, मग जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर क्षणभर टेकवायची, आणि त्या तुकड्यावर किंचितही पिवळेपणा उमटला तर ती इस्त्री निवेपर्यंत रेशमाला वर्ज्य समजायची, असा त्यांचा दंडक असे. मी लग्न होऊन त्या घरात आले आणि हळूहळू दुकानात बसू लागले, तेव्हा त्यांनी मला पहिली ताकीद दिली ती इस्त्रीबद्दल नव्हतीच. ते म्हणाले, "सूनबाई, आधी कापडाची कैफियत ऐकून घ्यावी, हुकूम मागाहून सोडावा." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कामातून कळत गेला. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि ज्येष्ठापर्यंत आमच्याकडे शालू, पैठण्या, अष्टपुत्र्या, शेले यांची रीघ लागते. पण जवळजवळ प्रत्येक वस्त्राबरोबर तगादाही येतो, आज दिले तर उद्या पाहिजे, आणि मुदत जितकी आखूड तितका इस्त्रीचा ताप वाढवण्याचा मोह कारागिराला अधिक होतो. घडीची रेघ राहिली तर गिऱ्हाईक नाराज होते, आणि ती घालवण्यासाठी ताप वाढवला तर वस्त्राचे आयुष्य घटते. या दोहोंच्या कात्रीतून सुटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वस्त्र लग्नाच्या आदल्या दिवशी न उलगडता पुष्कळ आधी, आणि शक्य तर घरीच, उलगडणे.

घडी टिकते कशी आणि जाते कशी, हे समजून घेतले की हाताला आपोआप संयम येतो. कोशेट्यावरचा डिंक काढून टाकल्यावर जे उरते ते रेशीम म्हणजे एक प्रथिन असते; त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना दुर्बळ पण असंख्य बंधांनी धरून असतात. वस्त्र दुमडून त्यावर भार ठेवला की हे बंध कालांतराने त्या वाकलेल्या स्थितीतच नव्याने जुळतात, आणि मग भार काढला तरी कापड ती वाकण धरून ठेवते. हे बंध सैल करणारी दोन साधने आहेत, ओलावा आणि उष्णता; त्यांतही ओलावा मुख्य, कारण तो साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सरकायला जागा करून देतो. सर्वसाधारण दमट हवेत, म्हणजे हवेची आर्द्रता ६५ टक्के असताना, रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा स्वतःत सामावून घेते, आणि तरीही हाताला ओले लागत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की घडी मोडण्यास आवश्यक असलेला ओलावा कापडावर पाणी शिंपडून द्यावा लागत नाही. तो हवेतून देता येतो, देण्यास वेळ मात्र लागतो. पाणी शिंपडणे तर टाळलेच पाहिजे. विणलेल्या रेशमात खळीचा किंवा मूळच्या डिंकाचा अंश राहिलेला असतो, थेंबाबरोबर तो कडेकडेला सरकतो आणि थेंब सुकल्यावर तिथे कड्यासारखा डाग उमटतो. तो डाग घडीच्या रेघेपेक्षा कितीतरी हट्टी असतो.

म्हणून घरी हे काम काढायचे तर पहिला दिवस केवळ पाहण्यासाठी ठेवावा. हातातल्या बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात, हात धुऊन पुरते कोरडे करावेत, खिडकीजवळ सतरंजीवर स्वच्छ धोतर पसरावे आणि त्यावर वस्त्र एकेक पट उलगडत न्यावे. ओढून एकदम उघडू नये, कारण जुन्या घडीच्या टोकाशी धागा सर्वांत क्षीण झालेला असतो. प्रत्येक रेघ उजेडासमोर धरून पाहावी. रेघेतून उजेडाचे बारीक कण दिसू लागले तर तिथे कापड चिरू लागले आहे, आणि त्या रेघेला इस्त्री लावायची नाही, हे तिथल्या तिथे ठरवून टाकावे. त्याचप्रमाणे डागांची रुजुवात करावी. मांडवातून उठलेल्या वस्त्रावर घाम, हळद, कुंकू, कधी पंगतीतले तूप यांच्या खुणा असतातच, वर्षानुवर्षे त्या फिक्या दिसत असल्या तरी उष्णता लागताच त्या गडद होतात आणि कायमच्या बसतात. हळदीचा डाग साबणाने घरच्या घरी काढू पाहणे तर अधिकच घातक, कारण साबणाच्या क्षाराने हळद लाल पडते. डाग आहे तिथे इस्त्री नाही, आधी तो जाणत्या धुलाईवाल्याला दाखवावा आणि मग घडीचा विचार करावा, हा आमच्या दुकानाचा अपवाद नसलेला नियम आहे.

वस्त्र कशाचे आहे याचीही खातरजमा याच वेळी करावी. पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा काढून चिमट्याने ज्योतीजवळ धरावा. रेशीम केस जळल्यासारख्या वासाने जळते आणि त्याची राख बोटांत चुरते, कृत्रिम धागा वितळून टणक मण्यासारखा गोळा होतो. जरीचीही हीच परीक्षा. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. पुढे चांदीऐवजी तांब्याची तार आली, आणि आता पुष्कळ वस्त्रांत धातूचा लेप दिलेली पॉलिएस्टरची पट्टी असते. या शेवटच्या प्रकाराला उष्णतेचे भय सर्वांत जास्त. पॉलिएस्टर सुमारे ७० ते ८० अंशांच्या पुढेच नरम पडू लागते, आणि रेशमाला सहज सोसणाऱ्या इस्त्रीखाली अशी जर आक्रसून सगळा काठ पिळवटून टाकते. आजच्या इस्त्रीवर आणि कपड्यांच्या पट्टीवर ठिपक्यांची खूण असते: एक ठिपका म्हणजे कमाल ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. रेशमाने एका ठिपक्यापासून सुरुवात करावी आणि दोनाच्या पुढे कधीही जाऊ नये. प्लास्टिकच्या जरीच्या काठाने एकही ठिपका मागू नये, त्याला वाफ आणि भार एवढेच पुरे.

दुसरा दिवस कापडाला मोकळे सोडण्याचा. क्लिपांच्या हँगरवर जड पदराचा शालू लटकवला तर त्याचा सगळा भार दोन-चार ठिकाणी येऊन तिथे नव्या खुणा पडतात. त्याऐवजी जाड, गुळगुळीत काठीला जुने सुती लुगडे गुंडाळून घ्यावे आणि तिच्यावर वस्त्र पुऱ्या पन्ह्याने पसरून टाकावे. ही काठी कोठे ठेवायची, हे गावाच्या हवेवर अवलंबून असते. रत्नागिरीची एक गिऱ्हाईकबाई मला सांगत, की पावसाळ्यात त्यांच्या घरी नुसती रात्रभर टाकलेली पैठणी सकाळी अर्धी सरळ झालेली असते; तेच नागपूरला वैशाखात, जेव्हा हवाच कोरडी ठणठणीत असते, तेव्हा आठवडाभर टाकली तरी रेघ हलत नाही. पुण्याची हवा या दोहोंच्या मधली, आणि लग्नसराई नेमकी कोरड्या महिन्यांत येते. तेव्हा आम्ही घरोघर हाच उपाय सांगतो: न्हाणीघरात कडकडीत पाण्याच्या बादल्या भरून दार लावून घ्यावे, वस्त्र भिंतीला किंवा नळाला टेकणार नाही अशा बेताने उंच टांगावे, आणि अर्ध्या तासाने बाहेर काढून तळहाताने, घडीच्या रेघेला आडवे, अगदी हलके हलके निरपत जावे. छताला साचलेला थेंब वस्त्रावर पडणार नाही एवढी मात्र दक्षता घ्यावी. हातात धरायचे वाफेचे यंत्र घरी असेल तर ते उत्तमच. पण तेही वीतभर अंतरावरून, उलट बाजूने आणि सतत हलते ठेवून वापरावे.

या मोकळे सोडण्यानंतर मी एक उपाय सांगते तो ऐकून नव्या मुली जराशा बिचकतात, पण तो मी मोठ्या विश्वासाने सांगते. आपल्याकडे इस्त्री घरोघर नव्हती तेव्हा लोक तांब्यात निखारे घालून धोतर-सदऱ्याला फिरवीत, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. पण रेशमी वस्त्राला त्या काळच्या जाणत्या बायका निखाऱ्याचा तांब्याही लावीत नसत. त्या ते वस्त्र किंचित सर्द हवेत ठेवून, दोन सुती चादरींच्या मध्ये पसरून, गादीखाली घालीत आणि वर माणूस निजे. भार, अंगाची ऊब आणि सबंध रात्र, या तिहींच्या संयोगाने मध्यम रेघा निघून जातात, आणि त्यात कापडाला पोळण्याची धास्ती मुळीच नसते. आम्ही दुकानात जे काम काही मिनिटांत १५० अंशांवर करतो तेच काम गादी एका रात्रीत शरीराच्या उष्णतेवर करते. फरक पडतो तो वेळेत, आणि त्या वेळेची बचत करताना आम्ही रेशमाकडून किंमत वसूल करीत असतो. रेशीम तापाने एकदा पिवळे पडले की ते पुन्हा पांढरे होत नाही, आणि प्रत्येक कडक इस्त्रीत त्याच्या धाग्याची ताकद थोडी थोडी जाते.

एवढे करूनही ज्या रेघा उरतात त्यांच्यासाठीच इस्त्री. टेबल या कामाला अपुरे पडते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते टेबलावरून खाली लोंबू लागले की स्वतःच्या भारानेच नव्या चुण्या पाडते. म्हणून जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दुहेरी ब्लँकेट आणि त्याच्यावर धोतर, अशी बैठक करावी, आणि वस्त्राचे दुसरे टोक धरायला घरातले एक माणूस बरोबर घ्यावे. वस्त्र उलटे ठेवावे. रेघेवर पातळ मलमलीचा पंचा पसरावा, तो पाण्यात बुडवून इतका पिळलेला असावा की मुठीत दाबला तरी थेंब निघू नये, आणि त्याच्यावर इस्त्री टेकवून उचलावी, पुन्हा पुढे टेकवून उचलावी. इस्त्री मागेपुढे घासत नेली तर सरळ होण्याऐवजी ताणाबाणा तिरपा होतो. पंचा सुकला की थांबावे आणि रेघ बोटाने चाचपून पाहावी. ताजी घडी धारेसारखी लागते, सैल पडलेली घडी नुसती उंचवट्यासारखी, आणि ती उंचवट्यासारखी लागू लागली की तिच्यावर आणखी ताप द्यायचा नसतो.

शालू आणि पैठणी यांना मात्र एकच रीत लागू पडत नाही. बनारसच्या शालूच्या पाठीमागे जरीचे आणि रंगीत रेशमाचे सुटे धागे लांबून आलेले असतात. इस्त्रीचे टोक त्यांत अडकले की समोरची वेलबुट्टी खेचली जाते, म्हणून तिथे पंचा कधीच काढायचा नाही, आणि उठावदार नक्षी चपटी होऊ नये यासाठी खाली जाड टॉवेल घालायचा. येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणीचा पदर याच्या उलट. त्यातले मोर, कोयऱ्या, आसावलीची वेल ही प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या रंगात गुंतवून विणलेली असल्याने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच देखण्या असतात, तिला उलट बाजू अशी नसतेच. पदर हाती घेतला म्हणजे त्याची ही दुतर्फा प्रतिष्ठा लक्षात ठेवून खाली आणि वर दोन्हीकडे मलमल ठेवावी लागते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले काही दिवस पैठणीच्या पदराला इस्त्री लावू देत नाही, फक्त पदर उजेडात धरून विणीकडे पाहायला सांगते. एवढी बारीक मेहनत डोळ्यांनी एकदा ओळखली की हात आपोआप हलका होतो.

इस्त्रीनंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सैल झालेले बंध पुन्हा घट्ट होतात ते कापड निवताना आणि वाळताना; त्या वेळी कापड ज्या स्थितीत असेल ती स्थिती ते धरून ठेवते. गरम शालू घाईने घडी घालून पिशवीत भरला की जुनी रेघ गेली तरी नव्या रेघा आपण स्वहस्ते पक्क्या करीत असतो. इस्त्री फिरलेला भाग निदान पुरता गार लागेपर्यंत सपाट राहू द्यावा, आणि सबंध वस्त्र झाल्यावर ते पुन्हा काठीवर टाकून रात्रभर तसेच ठेवावे. दुकानात या रात्रीसाठी जागा नसते, कारण पुढचे वस्त्र वाट पाहत असते. घरात ती सहज सापडते.

लग्नघरी जाऊन काम करण्याचे प्रसंग मला पुष्कळ आले, आणि त्यांतल्या एकाने हे काम मला पूर्णपणे समजावून दिले असे म्हणावे लागेल. नातीने आजींचा शालू नेसायचा, असे त्या घरी ठरले होते. शालू सुंदर, पण पन्ह्याच्या मध्यावरून लांबीभर गेलेली एक रेघ आणि हातहातभर अंतरावर आडव्या पडलेल्या कितीतरी रेघा, अशी त्याची स्थिती होती. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. दोन वेळा पंचा फिरवूनही काही रेघा राहिल्या, तेव्हा मुलीच्या आई काकुळतीने म्हणाल्या, "ताई, इस्त्री थोडी आणखी तापवा ना." मी म्हटले, "वहिनी, ताप वाढवला तर रेघ जाईल, पण तिच्याबरोबर कापडही जाईल." खुर्चीत बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या उठून जवळ आल्या, आडव्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अगं, या निऱ्यांत घे. आम्ही काय करत होतो? रेघ जिथे येईल तिथेच निरी मोडायची."

आणि ते अक्षरशः खरे होते. पन्ह्याच्या दिशेने पडलेल्या रेघा नेसल्यावर उभ्या येतात. निरीची कडही उभीच असते. तेव्हा नेसताना निरी त्या रेघेवरच मोडली की रेघ निरीच्या कडेत जिरून जाते. लांबीच्या दिशेने गेलेली रेघ पदराच्या चुण्यांत तशीच जिरवता येते, कारण पदराच्या चुण्याही लांबीच्याच दिशेने पडतात. उरते ती फक्त निऱ्यांच्या पुढच्या भागावर गुडघ्याच्या सुमारास आडवी दिसणारी मधली रेघ. इस्त्रीचा सगळा वेळ आणि सगळे कौशल्य तिच्यावर खर्च करावे. त्या रात्री आम्ही तेवढीच रेघ काढली, बाकीचा शालू काठीवर टाकला, आणि सकाळी आजींनी स्वतः नातीच्या निऱ्या घातल्या. तेव्हापासून मी वस्त्र हाती घेतले की आधी विचारते, हे कसे नेसणार आहात. कारण कोणती रेघ काढायची आणि कोणती राहू द्यायची, याचा निकाल नेसण्यावरून लागतो.

वसईकडची एक ख्रिस्ती मुलगी आपला पांढरा गाऊन आमच्याकडे घेऊन आली, तेव्हा हेच तत्त्व निराळ्या पोशाखात उपयोगी पडले. सॅटिनचे अंग, त्याखाली जाळीचे अनेक थर, पाठीमागे जमिनीवर लोळणारा घेर आणि वर व्हेल, असा तो पोशाख. खोक्यातून आल्याने सर्वांगावर चुरगळे पडलेले. अशा गाऊनचा सगळा भार खांद्याच्या नाजूक लेसवर टांगू नये, कमरेच्या आतल्या बाजूला त्यासाठीच शिवलेल्या नाड्या असतात त्यांवर टांगावा, आणि काम आतून बाहेर करीत यावे: आधी अस्तर, मग जाळीचा एकेक थर, सर्वांत शेवटी वरचे सॅटिन. आतला थर वाकडा राहिला तर वरचा कितीही सरळ केला तरी तो पुन्हा मोडतो. जाळी आणि व्हेल यांना इस्त्री लावायचीच नाही, न्हाणीघरातली वाफ पुरते. आणि मोती चिकटवलेले असतील तर वाफेचे यंत्रही दूर ठेवायचे, कारण डिंक नरम होऊन मोती सुटतात. मी तिला हे सारे समजावून सांगितले आणि गाऊन परत घरी पाठवला. तिच्या आईने आणि मावशीने दोन दिवस खपून तो स्वतः सरळ केला, आणि माझ्या मते आमच्या दुकानापेक्षा चांगला केला. टिकल्यांच्या घागऱ्यांना आणि मखमलीलाही हाच न्याय: टिकल्या तापाने वाकतात आणि मखमलीची लव दबली की उठत नाही, तेव्हा दोहोंना आतून वाफ द्यावी, वरून भार देऊ नये.

काही रेघा मात्र कुणाच्याही हातून जात नाहीत, आणि ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत जड भाग आहे. रेशीम वाकते आणि सरळ होते; जरीची चपटी तार एकाच जागी वर्षानुवर्षे दुमडून राहिली की मोडते, आणि मोडलेली तार जोडता येत नाही. तिच्या तुटक्या कडा पुढे आतल्या रेशमालाही कापत जातात. अशा पदराला रफूगाराकडून पाठीमागे जाळी लावून घेता येते, त्याचे आयुष्य वाढवता येते. पण घडीवर पडलेली ती फिकी रेषा राहतेच. असा पदर पाहून पुष्कळ जण ते वस्त्र जुनी जर घेणाऱ्याला देऊन मोकळे होतात, तो चांदीच्या वजनाने भाव करतो आणि विणकराची मेहनत आगीत जाते. मला त्याचे फार वाईट वाटते. जाळी लावलेली पैठणी वर्षातून एकदा हळदीकुंकवाला नेसता येते, तिच्यातून नातीच्या लग्नासाठी शेला निघतो. ती भट्टीत घालण्याचे काहीच कारण नाही.

या सगळ्या खटाटोपाचे मूळ लग्नानंतरच्या आठवड्यात असते. मांडव उतरल्यावर सगळे थकलेले असतात, वस्त्र आहे तसे कपाटात जाते, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या रेघा त्या दिवशी आखल्या जातात. त्याऐवजी वस्त्र एक-दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकावे, उन्हात नव्हे, कारण उन्हाने रेशीम पिवळे आणि ठिसूळ होते. डाग असतील तर ते लगेच काढून घ्यावेत. खळ देऊन रुळांतून काढण्याचे पॉलिश नव्या, दणकट साडीला ठीक, ठेवणीच्या वस्त्राला नको. खळ घडीत कडक होते आणि किडीला आमंत्रण देते. जागा असेल तर वस्तुसंग्रहालयांत ठेवतात तसे जाड नळीवर मलमल लपेटून वस्त्र गुंडाळून ठेवावे. नसेल तर घडीच्या प्रत्येक वळणात मऊ सुती कापडाची वळकटी घालावी, म्हणजे धार पडत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, ती दमटपणा कोंडते. लोकरीचे कपडे शेजारी नकोत, लोकरीतल्या गंधकाने चांदी काळवंडते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तरी पुरते. आणि वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, वस्त्र बाहेर काढून जुन्या रेघेपासून चार बोटे सरकवून नवी घडी घालावी. घडी एकाच जागी पडू दिली नाही तर ती काढण्याची वेळच येत नाही.

हे सर्व लिहिताना माझ्या मुलाने विचारले, की आई, मग दुकानात कोण येईल? त्याचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने रास्त आहे, आणि चिरलेले काठ, बसलेले डाग, मोडलेली जर यांची कामे आमच्याकडे यावीतच. पण नुसत्या घडीसाठी वस्त्र उंबऱ्याबाहेर पाठवण्याची गरज नाही, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि पुढेही सांगत राहीन. वधूला वस्त्र देताना आपण त्याची किंमत, त्याचे गाव, त्याची जर यांविषयी भरभरून बोलतो. त्याच बैठकीत ते ठेवायचे कसे आणि उलगडायचे कसे हेही सांगितले पाहिजे, आणि ते केवळ मुलीला नव्हे, जावयालाही सांगितले पाहिजे, कारण नऊ वारांचे दुसरे टोक धरायला घरात दुसरे माणूस लागते. ज्या घरात वर्षातून दोनदा दोन माणसे त्या वस्त्राची दोन टोके धरून उभी राहतात, त्या घरातला शालू माझ्या दुकानात फार क्वचित येतो, आणि आला तरी त्याला इस्त्री लावायचे काम मला बहुधा उरलेले नसते.